डाव्या बाजूचं मागचं चाक

दादाच्या जीपचे टायर बॉडीच्या चार बोटं बाहेर आलेत, हे मला ते बसवले त्याच दिवशी दिसलं होतं. मी बोलले नाही. रस्त्यावरच्या एकूण एक डंपरवर बोलले, त्यांच्या फाटक्या मडगार्डवर पत्रक काढलं, हजार प्रती छापून घरोघर वाटल्या, आणि स्वतःच्या अंगणातल्या गाडीला रोज वळसा घालून निघून गेले. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना कुणी उगाच माझी बाजू घ्यायला नको.

आमचं गाव कोन गावाच्या अलीकडे. गावाच्या मधून जो जुना रस्ता जातो त्यावर सकाळी सहापासून खडीचे आणि मातीचे डंपर सुरू होतात. इकडचा डोंगर खणायचा आणि तिकडचं खाडीकाठचं खाजण भरायचं, एवढाच काय तो आमच्या भागाचा विकास. डंपरच्या मागच्या चाकांमागे रबराची झापडं असावी लागतात. ती फाटतात, गळून पडतात, परत कुणी लावत नाही. मग टायरच्या खाचेत अडकलेला खडा गोफणीतून सुटल्यासारखा सुटतो. कुणाच्या खिडकीची काच जाते, कुणाच्या पोटरीला लागतं. यावर मी आणि आमच्या चार-पाच जणांच्या गटाने वर्षभर अर्ज केले. अर्जाला उत्तर येत नाही. उत्तर यायला माणसाचं रक्त लागतं, हे मी खारघरला कॉलेजात असताना संघटनेत शिकले होते. तिथे पत्रक कसं लिहायचं ते शिकवायचे: पहिल्या चार ओळींत जखम दिसली पाहिजे आणि पुढच्या चार ओळींत ती कुणी केली ते.

मग जखम मिळाली. 'मिळाली' हाच शब्द तेव्हा माझ्या मनात आला होता, म्हणून तोच लिहिते. आमच्या आळीत म्हावरं विकायला येणारी मावशी, उरणकडच्या कोळीवाड्यातली, लग्न होऊन इकडे आलेली, तिच्या उजव्या भुवईवर रस्त्यात दगड बसला. तीन टाके पडले. मी त्याच संध्याकाळी वही घेऊन तिच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी पत्रक छापखान्यात गेलं. मथळा होता: 'भुवईवरचे तीन टाके कुणाच्या मडगार्डचे?' पत्रकाने काम केलं. गावच्या ग्रुपवर फिरलं, शेजारच्या गावांत गेलं, आणि शेवटी निरोप आला की वाहतुकीचे साहेब सोमवारी अकरा वाजता समाजमंदिरात बैठक घेणार, डंपरवाल्यांनाही बोलावलंय, जखमी बाईला हजर ठेवा.

त्या आधीच्या गुरुवारी मावशी पाटी घेऊन आमच्या फाटकाशी आली. पाटी उतरवली नाही.

"सोमवारी मना बोलाया लावशील?"

"हो मावशी. तू फक्त काय झालं ते सांगायचं. घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरतेय? काय झालं तेच सांगू ना?"

"तेच."

"मग आदी ही झाक," असं म्हणून तिने हनुवटी जीपकडे केली. जीप भिंतीला लागून उभी होती. "डावीकडचा मागचा चाक. त्याचाच दगूड. दुसऱ्या डोल्यानं जाताना पायली ही."

मला वाटलं ती थट्टा करतेय. तिचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"अगं तू डंपर म्हणालीस ना मला?"

"मी कवा म्हनलं? तूच इचारलंस, डंपर व्हता ना मावशी? मी म्हनलं, गाडी व्हती. तू इचारलंस, खडीचा? मी म्हनलं, मना काय दिसतंय, रगत डोल्यात उतरलंय. तू लिवलंस."

मी वही काढून पाहिली. माझ्या अक्षरात ठसठशीत 'डंपर' लिहिलेलं होतं. तिने काय म्हटलं होतं ते कुठेच नव्हतं. मी प्रश्न लिहिले नव्हते, उत्तरंही लिहिली नव्हती. मी थेट पत्रक लिहीत होते.

"मग छापल्यावर तरी सांगायचं!"

"छापून आनलंस तवा काय सांगू? येवडा मोटा कागद. मी म्हनलं, पोर उन्हातान्हात फिरते, डंपर तर मेले हायतच. एक दगूड हिकडचा तिकडं गेला, जाऊ दे." मग तिने पाटीवरचा हात बदलला. "पन साहेबासमोर खोटं नाय बोलनार मी. इचारलं तर सांगीन. नाय इचारलं तर गप बशीन. तुजं तू बघ."

आणि पुढच्या घरी जाऊन "कोलंबी घेताव काय गो?" म्हणून ओरडायला लागली.

मला दोन रात्री धड झोप नाही. खरं सांगितलं तर वर्षभराचं काम एका हशात वाहून जाणार. 'स्वतःच्या भावाची गाडी झाकायला डंपरवर आरोप', हा त्यांचा मथळा मीच त्यांना लिहून दिल्यासारखं होणार. नाही सांगितलं तर मावशी साहेबाच्या एका प्रश्नावर टांगलेली. मग मी काय केलं? संघटनेत जे करतात तेच. चूक कबूल करायच्या आधी काहीतरी कृती करायची, म्हणजे चूक जुनी वाटते. शनिवारी दादाला म्हटलं, "तुझे ते फ्लेअर उद्या बसवू."

दादा कळंबोलीत एका गोदामात सुपरवायझर आहे. आठवडाभर दुसऱ्यांचे खोके मोजतो आणि रविवारी मित्रांबरोबर जीप घेऊन नदीपात्रात, चिखलात, डोंगरात घुसतो. त्यासाठीच ते रुंद टायर. रुंद टायर बसवले की ते मडगार्डच्या बाहेर येतात, म्हणून मडगार्डच्या कडेला वरून काळ्या जाड प्लॅस्टिकची कमान बसवायची असते. तिला फ्लेअर म्हणतात. बाबा तिला चाकाची पडवी म्हणतात, आणि ते जास्त बरोबर आहे. दादाने सहा महिन्यांपूर्वी चार फ्लेअर मागवले होते. खोका पलंगाखाली पडला होता, कारण ते बसवायला गाडीच्या पत्र्याला भोकं पाडावी लागतात आणि दादाचा हात धजत नव्हता.

"आज का?" रविवारी सकाळी खोका उघडताना त्याने विचारलं. "सहा महिने मी म्हणत होतो तेव्हा 'प्लॅस्टिकची चैन' म्हणायचीस. आणि गॅरेजवाला उद्या उघडेल की."

"उद्या साहेब येतोय. आपल्याच घरची गाडी नियमाबाहेर नको."

हे खरं होतं. तेच वाईट. अर्धं खरं मला फार सफाईने बोलता येतं.

शेजारच्या फर्निचरवाल्याकडून ड्रिल मशीन आणलं. पहिला प्रश्न कुठल्या बाजूने सुरुवात करायची. जीपची डावी बाजू भिंतीकडे होती, मध्ये माणूस बसेल एवढीही जागा नव्हती. गाडी काढून उलटी लावायची तर आईची मिरच्यांची चादर उचलावी लागणार. दादा म्हणाला उजवीकडून करू, मग दुपारी फिरवू. मी हो म्हटलं. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाला लागतं ते डाव्या चाकाचं. उजवं चाक रस्त्याच्या मध्यावर उडवतं. एखाद्या कार्यालयाने असं केलं असतं, सोयीची बाजू आधी, तर मी त्यावर अर्धं पान लिहिलं असतं.

साबणाने मडगार्डच्या कडा धुतल्या. आतून ओंजळभर वाळकी माती निघाली, कुठल्या कुठल्या नदीची. पुसून कोरडं केलं. मग मी फ्लेअर दोन्ही हातांनी दाबून धरायचा, दादाने लांब जाऊन पाहायचं, "वर घे, जरा वर, अगं तुझ्या बाजूला खाली गेलं," असं दहा वेळा. मग कागदी टेपने चिकटवून त्याच्या भोकांतून पेनाने पत्र्यावर खुणा. खुणेवर टोच्या ठेवून हातोडीचा एक ठोका, म्हणजे ड्रिल घसरत नाही. आणि मग दादा ड्रिल हातात धरून उभाच.

"पाड ना."

"पाडतो. एकदा पाडलं की परत बुजत नाही."

"शस्त्रक्रिया आहे का? पत्रा आहे."

"तुझा पत्रा असता तर कळलं असतं."

शेवटी पहिलं भोक मीच पाडलं. लोखंडाचा चकचकीत कीस चपलेवर पडला. दादाने डोळे मिटून घेतले होते, शप्पथ.

आणि तेवढ्यात बाबा रेड ऑक्साइडचा डबा आणि एक बारका ब्रश घेऊन आले. बाबांचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं. मिठागर गेलं, तिथे आता इमारती उभ्या आहेत, पण लोखंडाबद्दलचा त्यांचा संशय गेलेला नाही. आमच्या घराच्या खिडकीच्या गजांना वर्षातून दोनदा रंग असतो.

"एकेक भोक घासायचा कानशीनं, आतून-बाहेरून रंग, सुकला का मग इस्क्रू. तवर दुसऱ्याला हात नाय लावायचा."

"बाबा, एका चाकाला आठ भोकं आहेत. चार चाकं."

"मग?"

"संध्याकाळ होईल."

"होऊ दे. उद्याची सकाल हाय ना?"

"स्क्रूखाली ते भोक दिसणारही नाही हो!"

"म्हनूनच सांगतंय. आपल्याकडं वारा गोडा हाय काय? रंग न लावता बसवलास तर दोन पावसाल्यात आतनं खाईल, आनि तुमाला कलंल तवा मडगार्ड हातात येईल." ते खाली बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्या भोकाच्या कडेला रंग लावायला लागले. देव्हाऱ्यात गंध लावतात तेवढ्या निवांतपणे.

मला तो निवांतपणा सहन होईना. माझं सगळं शरीर घाई करत होतं. रंग सुकतोय तोवर मी फाटकापर्यंत जायचे, परत यायचे, फोन बघायचे. ग्रुपवर आमच्यातल्याच कुणीतरी टाकलं होतं, 'उद्या सर्वांनी यावे, मावशी स्वतः बोलणार आहेत!' पुढे मुठीची चित्रं. मी बोट लावून रंग सुकला का पाहिलं. बोट लाल झालं आणि भोकाशी ठसा उमटला.

"गप बस जरा," बाबा म्हणाले आणि ठशावरून परत ब्रश फिरवला.

फाटकावरून दादाचा एक मित्र गेला. थांबल्याशिवाय कसा जाईल?

"काय पुढारी, आंदोलन बंद करून गॅरेज टाकलं काय?"

"तुझी स्कूटर आण. भोकं पाडून देते."

"नको बाई. तू माझ्यावर पत्रक काढशील."

दुपारपर्यंत उजवी दोन्ही झाली. वरच्या कडेला रबराची पट्टी, खाली वॉशर, स्क्रू हलक्या हाताने, कारण जास्त आवळला की प्लॅस्टिक लाटेसारखं उचलतं. ते मी एकदा करून पाहिलं आणि दादाच्या शिव्या खाल्ल्या. मग दादाने स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना ते बघितलं. गाडी एकदम अंगाने भरल्यासारखी दिसायला लागली. आईने बाहेर येऊन पाहिलं आणि "म्हशीसारखी दिसते" म्हणून आत गेली. दादाला ते कौतुक वाटलं.

जेवून मिरच्यांची चादर उचलली, जीप फिरवली, डावी बाजू अंगणात आली. पुढचं चाक झालं. मागच्याशी आलो तेव्हा चार वाजून गेले होते. मी टायर धुताना खाचांत बोट घालून अडकलेले खडे काढत होते. करंगळीच्या पेराएवढे, टोकदार, काळे. एक काढला की पुढच्या खाचेत दुसरा. ते मी ओळीने भिंतीवर ठेवत गेले आणि मग एकदम सगळे उचलून नाल्यात टाकले. का टाकले, ते मला माहीत होतं.

कडेला रंगाचे थेंब पडू नयेत म्हणून दादा घरातून कागद घेऊन आला आणि टेपने मडगार्डभोवती लावायला लागला. उरलेली पत्रकं. गठ्ठा माझ्याच टेबलाखालचा. माझा मथळा गाडीच्या पत्र्यावर उलटा चिकटला. दादा खुणा करता करता मान वाकडी करून वाचायला लागला, मोठ्याने, भाषणाच्या सुरात:

"'नराधम डंपरचालक त्या माऊलीकडे ढुंकूनही न पाहता भरधाव निघून गेला!' ए बाई, एवढं नको ना लिहायचं. बिचाऱ्याला कळलंही नसेल. मागच्या चाकातून काय उडालं ते पुढे बसलेल्याला कळतं का?"

"तुला कळलं नव्हतं?" मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. तीन दिवस दाबून धरलेलं, आणि निघालं ते असं, बोचून.

"मला?"

"मावशी डंपर म्हणालीच नव्हती. गाडी म्हणाली होती. ही गाडी. हे चाक."

दादाने पेन खाली ठेवलं. पुढच्या मडगार्डच्या आतल्या कडेला रंग लावणाऱ्या बाबांचा ब्रश थांबला नाही, पण हळू झाला.

"कोणता वार?" दादाने विचारलं.

"मागच्या आठवड्यातला मंगळवार. सकाळी."

त्याने चाकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आरशात दिसली होती मला. खाली बसलेली. मला वाटलं पाटी उतरवतेय, कुणी गिऱ्हाईक असेल." थोड्या वेळाने, "शिफ्टला उशीर झाला होता."

मी टायर पुसायचं फडकं पिळलं.

"तू मला नराधम लिहिलंयस," तो म्हणाला. मग हसला, आणि ते हसू अर्ध्यातच राहिलं. "कधी कळलं तुला?"

"गुरुवारी."

"आणि आज रविवार. म्हणजे आज सकाळपासून मी रस्त्यावरच्या माणसांसाठी भोकं पाडत नव्हतो. तुझ्यासाठी पाडत होतो."

"रस्त्यावरच्यांसाठीच आहे ते! टायर बाहेर आहेत ते आहेतच ना?"

"सहा महिने बाहेर आहेत." त्याने कागद टरकावून काढले. "हे चाक आज राहू दे."

"अरे, तेच तर चाक आहे!"

"तेच आहे म्हणून. आज हे झाकलं ना, तर उद्या तू काही सांगणार नाहीस. मी ओळखतो तुला. तू म्हणशील, आता प्रश्न सुटला, पुढच्या मुद्द्याकडे वळू."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. कारण शब्द माझेच होते. 'पुढच्या मुद्द्याकडे वळू', असं मी खरोखर म्हणते. बाबा उठले, ब्रश रॉकेलमध्ये बुडवून फडक्याला पुसला आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं. ते एवढंच म्हणाले, "तिला टाके पडले तवा आपल्याकडनं कोन गेला व्हता तिच्या घरी?"

मी गेले होते. वही घेऊन.

सोमवारी समाजमंदिर भरलं होतं. बायका एका बाजूला सतरंजीवर, मावशी पुढेच, ठेवणीतली साडी नेसून, टाक्यांची लाल रेघ भुवईवर. दादा सुट्टी टाकून दाराशी उभा. साहेब मध्यमवयीन, घामाघूम, फाइल चाळणारे. डंपरवाल्यांच्या वतीने एक पांढऱ्या शर्टातला माणूस आला होता. मी भांडणाची तयारी करून गेले होते, नकार येईल, पुरावा मागतील, आवाज चढवतील. आणि तो उठून हात जोडून म्हणाला,

"ताईंचं पत्रक वाचलं. आम्हाला मान्य आहे. आमच्या गाडीकडून झालं असणार. मावशींचा दवाखान्याचा जो काही खर्च असेल तो आम्ही बघू. आणि त्या दिवशी त्या वेळेला ज्याची फेरी होती, त्या ड्रायव्हरला परवापासून घरी बसवलाय. रोडपालीचा आहे. पुन्हा असं होणार नाही. विषय मिटवून टाका साहेब."

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. आमच्या गटातल्या पोराने माझ्या पाठीवर थाप मारली. "जिंकलो!"

साहेबांनी पेन उचललं. मावशीला कुणी काही विचारलं नाही. ज्या एका प्रश्नाची मला चार दिवस भीती होती तो प्रश्न आलाच नाही. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. बाजारात काटा स्थिर व्हायची वाट बघतात तशी.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. सुटका वाटली. एक क्षण पूर्ण सुटका. आणि मग रोडपालीतला कुणीतरी माणूस डोळ्यांसमोर आला, ज्याचा चेहराही मला माहीत नाही, जो परवापासून घरात बसलाय आणि बायकोला सांगतोय की मी कुणाला दगड मारलेला नाही. त्याला घरी बसवायला त्यांना फक्त माझा एक कागद लागला. दुरुस्ती एकाही मडगार्डची नाही. एक माणूस काढला आणि विषय मिटला. मी लिहिलेल्या 'नराधम' शब्दाचा एवढा सोयीचा उपयोग होईल हे मला संघटनेत कुणी शिकवलं नव्हतं.

मी उभी राहिले. भाषण पाठ होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

"साहेब, पत्रक चूक आहे. तो दगड डंपरचा नव्हता. माझ्या भावाच्या जीपचा होता. मी मावशीला नीट विचारलंच नाही. त्या ड्रायव्हरला आजच्या आज परत घ्या."

हशा पिकला. मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. "भावावर पत्रक काढ आता!" पांढऱ्या शर्टाने तर पाणी प्यायला घेतलं होतं, त्याला ठसका लागला. सावरून तो म्हणाला, "मग साहेब, तक्रारच राहिली नाही."

तेव्हा मावशी उठली. तिला उठायला कुणी सांगितलं नव्हतं.

"तक्रार कशी नाय राहिली? दगूड मना लागला ना? हिच्या भावाचा लागला, ते हिनं सांगितलं. समद्यांसमोर. लाज सोडून. आता तुमचं तुमी सांगा. तुमचे चाक झाकलेले हायत काय नाय?"

"मावशी, तुम्हाला आमच्या गाडीचा लागलेला नाही ना पण?"

"मना नाय लागला," मावशी म्हणाली आणि मागे वळली. "तुला कुनाचा लागला गो? सांग की. आता ही पोरगी हाय तसा लिवून घेईल."

मागून एक बाई उठली. तिने पोटरी दाखवली. डंपरच होता, म्हणाली, आणि नंबर सांगितला. दुसरीने वार सांगितला, वेळ सांगितली. तिसरी म्हणाली मला नंबर माहीत नाही, खोटं कशाला सांगू, पण मागे पिवळी पट्टी होती. वर्षभर मी या बायकांच्या दारात जात होते आणि त्या 'होय बाई, लय तरास हाय' एवढंच म्हणायच्या. मी ते 'संतप्त महिलांनी' असं लिहायचे. त्या कधी संतप्त झाल्याच नव्हत्या माझ्यासमोर. त्यांना माहीत होतं की मी घरून लिहूनच आणलेलं असतं.

साहेबांनी सगळं फाइलीत घेतलं. डंपरांच्या पाहणीची तारीख नंतर कळवतो म्हणाले. मग उठून विचारलं, "ती जीप कुठाय?" अख्खा जमाव आमच्या अंगणात. साहेबांनी गाडीभोवती फेरी मारली. तीन चाकांवर पडवी, चौथं उघडं. त्यांनी टायरवरचे आकडे वाचले आणि दादाला नोटीस दिली: हे टायर या गाडीला मंजूर नाहीत, मूळचे बसवून गाडी दाखवायला आणा. दादाने सही केली. त्या दिवशी, खडीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात, सरकारने तपासलेली एकुलती एक गाडी आमची होती. बाहेर रस्त्यावरून तेव्हाही एक डंपर गेला. कुणी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. याचा मला अजून संताप आहे आणि तो मी मागे घेत नाही.

दादाने जुने टायर परत चढवले. आता फ्लेअर भलतेच बाहेर दिसतात, चाकं आत कुठेतरी. मित्र हसतात. भोकं पडलेली आहेत, त्यामुळे काढूनही चालत नाही. चौथा फ्लेअर पुढच्या रविवारी बाबांनी स्वतः बसवला, आठ भोकं, दिवसभर. दादा त्या दिवशी सकाळी मावशीकडे जाऊन आला. काय बोलला ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

रोडपालीच्या त्या ड्रायव्हरचा नंबर मी मिळवला. त्याला कामावर घेतलं होतं, दुसऱ्या गाडीवर. मी माफी मागायला लागले तर तो म्हणाला, "ताई, एकच करा. माझ्याबद्दल चांगलं पण काही छापू नका." आणि फोन ठेवला.

पाहणीची तारीख येईना, म्हणून नवीन पत्रक लिहायला घेतलं. या वेळी छापायच्या आधी मावशीकडे गेले. ती ओट्यावर बसून बोंबील साफ करत होती. मी वाचलं. पहिलीच घटना आमच्या जीपची, मग बाकीच्या बायकांच्या.

"परत वाच."

परत वाचलं. छापखान्यातून फोन आला, मी उचलला नाही.

"परत."

"मावशी, दोनदा झालं. त्यांना आज मजकूर द्यायचाय."

"मग कर घाई, आनि मागल्यासारखा कर."

मी तिसऱ्यांदा सुरू केलं. दुसऱ्याच ओळीत तिने हाताने थांबवलं. हात बोंबलाच्या पाण्याने ओला होता, कागदावर थेंब पडला.

"ते 'भरधाव' काड. तुजा भाव हलूच चालला व्हता. हलू चालला तरी लागतो, ते लिव."

मी पेन काढलं आणि 'भरधाव' खोडलं.